खड्ड्याचं शेपूट

"मी इथून बसने जाते," ताई म्हणाली आणि खरंच उतरली. चिडून नाही. उलट माझीच समजूत काढल्यासारखं, एक हात कमरेवर ठेवून, दुसऱ्या हाताने दार अगदी हळू लावत. तिच्या मणक्याचं दुखणं जुनं आहे आणि मला ते ठाऊक होतं, म्हणून मी गाडी जपूनच चालवत होते. खड्डे चुकवत होते, गतिरोधकावर जवळजवळ थांबत होते. पण मागचा हौदा रिकामा होता, आणि पिकअप रिकामी असली की जपून चालवण्याचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. पुढची चाकं गतिरोधक मुकाट ओलांडतात, क्षणभर वाटतं निभावलं, आणि मग मागून लाथ बसते. हौद्यातली साखळी उडून पत्र्यावर आपटते, आरसा थरथरतो, आणि गतिरोधक मागे पडल्यावरही गाडी डोलत राहते. प्रत्येक लाथेच्या आधी ताई श्वास रोखून धरायची. इंजिनच्या आवाजातही ते मला कळत होतं.

तिची बस गेली, मी एकटीच पुढे निघाले आणि डोक्यात भलतीच खुटखुट सुरू झाली. ताईने घर बदललं तेव्हा तिचं सगळं सामान याच गाडीतून गेलं होतं. लोखंडी कपाट, पुस्तकांची खोकी, शिवणयंत्र, आणि सगळ्यांत वर चादरींत गुंडाळलेलं काचेच्या दारांचं शोकेस. तेव्हाही रस्ता हाच होता आणि खड्डेही हेच. पण गाडी काय संथ, भारदस्त चालली होती! चाक खड्ड्यात गेलं की मागची बाजू सावकाश खाली बसायची आणि तितक्याच सावकाश वर यायची. एकाही काचेला तडा गेला नाही. म्हणजे शोकेसला जी गाडी इतकी सांभाळून नेते, ती शोकेसच्या मालकिणीला मात्र धड बसू देत नाही.

माणसाचं वजन तिच्या हिशेबातच नाही, असं वाटायला लागलं.

माझं काम लाकडाचं. फळ्या, प्लायवूड, तयार झालेली टेबलं, कधी एखादा अवजड दरवाजा. जाताना हौदा भरलेला, येताना रिकामा. म्हणजे या गाडीचं निम्मं आयुष्य रिकामंच जातं. ती घेतली तेव्हाच सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं, "पिकअप आहे, अशीच चालणार." आणि एखादी गोष्ट अशीच असते असं पुरेशा लोकांनी सांगितलं की अंगही मुकाट तिची सवय करून घेतं. गतिरोधक दिसला की पाय खाली रोवून मी सीटवरून किंचित उठते. जीभ दातांपासून मागे घेते. स्टिअरिंगवरची पकड घट्ट होते, खांदे सैल सोडले जातात. हे मी करते हेसुद्धा मला ताई शेजारी बसेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. गाडी चालवणाऱ्याला धरायला स्टिअरिंग असतं आणि पुढे काय येतंय हेही आधी कळतं. शेजारी बसलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. त्यामुळे गाडी कशी चालते हे चालकाला विचारण्यात काही अर्थ नाही, असं माझं आता ठाम मत झालंय. विचारायचं तर बाजूच्या सीटवरच्याला विचारावं, तेही त्याचं लक्ष रस्त्यावर नसताना.

गाडी बघणाऱ्या मिस्त्रींना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. "मागे वाळूची चार पोती टाका मॅडम, लोण्यासारखी चालेल." हा उपाय त्यांच्या धंद्याइतकाच जुना असावा, आणि खोटाही नाही. पण नुसतं बूड हलू नये म्हणून रोज मेलेलं वजन वाहायचं, त्यासाठी जास्तीचं डिझेल जाळायचं, टायर आणि ब्रेक झिजवायचे, आणि पोती नीट बांधली नसतील तर जोरात ब्रेक मारल्यावर ती केबिनच्या पाठीवर येऊन आदळण्याची भीती बाळगायची, हे मनाला पटेना. शिवाय माल चढवायच्या वेळी ती पोती आधी उतरवायची कोणी? मीच.

मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, म्हणजे ॲक्सलवर, पाट्यांचा गठ्ठा असतो. हीच गाडीची मागची स्प्रिंग. एकावर एक रचलेल्या पोलादी कमानी, वरचा पाटा सगळ्यांत लांब, खालचे आखूड होत गेलेले, मधोमध सेंटर बोल्ट आणि दोन्ही अंगांना यू-बोल्टांनी आवळलेले. काही गाड्यांत एक जाड हेल्पर पाटा असतो. गाडी रिकामी असताना तो नुसता वाट बघत असतो आणि माल चढून मुख्य पाटे सपाट व्हायला लागले की टेकतो आणि वजन उचलायला लागतो. १८०४ साली ओबाडाया एलियट नावाच्या इंग्रजाने घोडागाडीसाठी लंबगोल पाट्यांचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ही कल्पना मूळ रूपात फारशी बदललेली नाही, आणि न बदलण्याला कारण आहे. पाटे नुसतं वजन झेलत नाहीत, ॲक्सलला जागेवरही धरून ठेवतात. दुसरे दांडे नकोत, सांधे नकोत. माल वाहणाऱ्यासाठी याहून साधी आणि दणकट व्यवस्था सापडणं कठीण. माल पाट्यांवर आणि माणूसही त्याच पाट्यांवर, एवढीच काय ती अडचण.

स्प्रिंगचं एक साधं गणित आहे, आणि ते कळल्यापासून मला या गाडीचा राग येणं थांबलं. गाडीच्या वजनाने स्प्रिंग जितकी दबते, त्यावर ती किती वेगाने डोलणार हे ठरतं. २५ सेंटिमीटर दबली तर गाडी सेकंदाला एकदा डोलते, ६ सेंटिमीटरच दबली तर सेकंदाला दोनदा. बसायच्या मोटारी साधारणपणे सेकंदाला एक ते दीड या टप्प्यात ठेवतात. आता पिकअपचं बघा. समजा मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचं ६०० किलो वजन आहे आणि वर १००० किलो माल चढतो. १६०० किलोवर जी गाडी सेकंदाला सुमारे १.४ वेळा डोलते, तीच त्याच पाट्यांवर माल उतरवला की २.३ वेळा डोलू पाहते. पाटे तेच, पोलाद तेच. शोकेस नेताना जी संथ लय होती ती त्या १.४ ची होती, आणि ताईला मिळाली ती २.३ ची. रिकाम्या पिकअपचा कडकपणा म्हणजे अजून न चढलेल्या मालासाठी राखून ठेवलेली जागा. ती जागा मऊ करायला गेलं की माल चढल्यावर गाडीचं बूड जमिनीला लागणार.

आणि माणसाचं शरीर नेमकं नको तिथे हळवं. बसलेल्या माणसाला खालून येणारे हादरे सर्वांत जास्त जाणवतात ते सेकंदाला साधारण ४ ते ८ कंपनांच्या पट्ट्यात. तिथे पोटातले अवयव आणि मणका हादऱ्याला साथ द्यायला लागतात. आयएसओ २६३१ या मानकाच्या १९९७ च्या आवृत्तीत अंगाला जाणवणारी कंपनं मोजताना या पट्ट्याला जास्त वजन दिलं आहे ते त्यामुळेच. पाटे जितके कडक, तितकं त्या पट्ट्यातलं जास्त काही सीटपर्यंत पोचतं. हे मानकबिनक यायच्या कितीतरी आधी, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, मॉरिस ऑली नावाचा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइस सोडून कॅडिलॅककडे आला आणि १९३२ मध्ये त्याने एक मोठी लिमोझिन घेऊन तिच्या पुढेमागे हलवता येतील अशी वजनं लावली. वजनं सरकवायची, स्प्रिंगा बदलायच्या, गाडीत बसून हिंडायचं आणि कसं वाटलं ते एकमेकांना सांगायचं. मोजायला यंत्र म्हणून त्यांची स्वतःची अंगंच होती. त्यातून त्यांच्या हाती लागलेली गोष्ट अशी की मागच्या स्प्रिंगांची लय पुढच्यांपेक्षा थोडी जलद हवी, म्हणजे खड्डा उशिरा भेटलेली मागची बाजू पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी डोकं-शेपूट आळीपाळीने न हलवता सपाट वर-खाली होते. थोडी जलद, हे महत्त्वाचं. रिकाम्या पिकअपची मागची लय पुढच्या लयीला गाठत नाही, तुडवून पुढे निघून जाते. मला ती लिमोझिनमधली मंडळी फार आवडतात. दिवसभर गाडीत बसून आपल्या पाठीला काय वाटतंय यावर गंभीरपणे वाद घालणारी माणसं.

तर पाटे बदलायचे नाहीत, हे ठरलं. उरले शॉकअप.

शॉकअपबद्दल सर्वांत मोठा गैरसमज त्याच्या नावातच बसलेला आहे: शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे दणका झेलणारा, असं वाटतं. खड्ड्याचा दणका झेलतात ते आधी टायर आणि मग स्प्रिंग. दणक्यानंतर स्प्रिंगने साठवलेली ताकद कुठेतरी जायला हवी, नाहीतर गाडी डोलतच राहील. ती ताकद खाऊन तिची उष्णता करून टाकणं हे शॉकअपचं काम. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली ती शॉकअपशिवायच, आणि लोक ते बाहेरून विकत घेऊन बसवायचे. मूळ गाडीवर समाधान न मानणारे आपण काही पहिले नव्हे. फ्रान्सच्या त्रुफोने घर्षणावर चालणारी जोडी काढली होती, एकमेकांवर दाबून धरलेल्या चकत्यांची, आणि एडवर्ड हार्टफर्डने ती अमेरिकेत नेली. पुढे तेलाचा जमाना आला. फोर्डच्याच मॉडेल ए वर हूदाय पद्धतीचे, तेल भरलेले, दांडीने फिरणारे शॉकअप कारखान्यातूनच लागून यायला लागले. गंमत म्हणजे जुन्या पाट्यांच्या गठ्ठ्यात घर्षणाचा शॉकअप आपोआपच असतो. पाटे एकमेकांवर घासतात आणि थोडं डोलणं तिथेच मरतं. पण घर्षणाचा एक हट्ट आहे. लहानशा धक्क्याला ते हलतच नाही. बारीक खडीवरून जाताना पाटे जाम बसून राहतात आणि गाडी सगळा भार टायरवर टाकून टरटरत जाते. तेलाला हा हट्ट नाही. पाण्यात हात सावकाश घातला तर पाणी वाट देतं, चापट मारली तर झोंबतं; तेलाच्या शॉकअपमध्येही वेग जितका जास्त तितका विरोध जास्त.

त्या विरोधाला लगाम घालणं हीच शॉकअप बनवणाऱ्याची खरी कारागिरी आहे. तेल नळीतल्या दट्ट्याच्या भोकातून नुसतं जाऊ दिलं तर वेग दुप्पट झाल्यावर विरोध जवळपास चौपट होतो आणि जोरात आलेल्या खड्ड्यावर शॉकअप लोखंडी दांडक्यासारखा वागतो. म्हणून दट्ट्याच्या तोंडावर पातळ पोलादी चकत्या रचतात. दाब वाढला की त्या वाकतात आणि तेलाला जास्त वाट देतात. चकत्यांची जाडी, त्यांचा व्यास, त्यांचा क्रम, सगळा स्वभाव त्यात. दबताना किती विरोध आणि उलगडताना किती, हेही वेगवेगळं ठरवतात. उलगडतानाचा बहुतेक वेळा जास्त ठेवतात, कारण दबलेली स्प्रिंग गाडीला वर फेकते ती तेव्हा. आणि तेलात हवा मिसळून फेस झाला की हे सगळं मुसळ केरात. फेसाला विरोध करता येत नाही. त्यावर ख्रिस्तियां बूर्सिए द कार्बों या फ्रेंच संशोधकाने १९५० च्या दशकात तोडगा काढला: एकच नळी, तळाशी भरपूर दाबाचा नायट्रोजन आणि वायू नि तेल यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या. तेल सतत दाबाखाली राहतं, त्यामुळे फेस होत नाही, आणि नळी एकच असल्यामुळे उष्णता सरळ बाहेरच्या हवेत जाते. जर्मनीच्या बिल्श्टाइन कंपनीने १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझसाठी ते मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. आज पिकअपवाले 'गॅस शॉक' म्हणून जे मागतात त्यातलं काही हेच, आणि काही दोन नळ्यांच्या जुन्या पद्धतीत कमी दाबाचा वायू भरून काढलेलं.

निवड करताना मला सगळ्यांनी एकच सल्ला दिला: सर्वांत जड, सर्वांत कडक जोडी घे, गाडी पिकअप आहे. इथे मी अडले, कारण वरचंच गणित पुन्हा आडवं आलं. शॉकअपचा जोर तोच असला तरी त्याची पकड गाडीच्या वजनावर अवलंबून असते. त्याच ६०० आणि १६०० किलोंच्या हिशेबात रिकाम्या गाडीवर तो भरलेल्या गाडीपेक्षा १.६ पट घट्ट वाटणार. भरलेल्या गाडीसाठी अगदी नेमका असलेला शॉकअप रिकाम्या गाडीत कडक पाट्यांना आणखी कडक करून ठेवतो. उलट रिकाम्या गाडीसाठी नेमका निवडला तर माल चढल्यावर गाडी होडीसारखी झुलेल. मधला मार्ग म्हणजे संथ हालचालीला घट्ट धरणारा आणि झटक्याला चटकन वाट देणारा एकनळी शॉकअप. बटण फिरवून कडकपणा बदलता येणारे मिळतात, आणि मोह मलाही झाला. पण मी स्वतःला ओळखते. सुरुवातीला हौसेने बटणं फिरवली असती आणि मग ती चिखलात जाम होईपर्यंत एकाच जागी राहिली असती.

जुने शॉकअप काढले तो दिवस मला गाडीच्या चालण्यापेक्षा जास्त लक्षात आहे. खालचा बोल्ट गंजून बुशमध्ये, म्हणजे त्याच्या भोवतीच्या रबरी अस्तराच्या कड्यात, असा रुतला होता की गंज सोडवणारं तेल मारून, तासभर थांबून, पुन्हा मारून, शेवटी लांब दांडा लावून त्याला हलवावं लागलं. सुटताना त्याने जो आवाज केला तो कीं आणि कट् यांच्या मधला होता. एक शॉकअप ॲक्सलच्या पुढे, दुसरा मागे, असे तिरके लावलेले होते. जोरात निघताना ॲक्सल पीळ खाऊन पाट्यांना नागमोडी वाकवतो आणि चाकं थडथड उडतात, ते रोखायला ही तऱ्हा असते. एका नळीवर तेल पाझरून त्यावर धुळीचा जाड, काळा लेप बसला होता. दुसरा बाहेरून अगदी कोरडा, धडधाकट. मिस्त्रींनी तोच माझ्या हातात दिला. "दाबून बघा." मी दांडी आत ढकलली. सुरुवातीचा बराच भाग ती नुसतीच गेली, हाताला काहीच लागेना, आणि मग एकदम तेल आडवं आलं. पुन्हा ओढली, पुन्हा तीच पोकळी. दरवेळी गाडी खड्ड्यातून वर येताना या पोकळीतून जात होती आणि स्प्रिंगला धरायला तिथे कोणीच नव्हतं. शॉकअप एका दिवसात जात नाहीत, त्यामुळे ते गेल्याचं कळतच नाही. दर महिन्याला गाडी थोडी जास्त डोलते आणि दर महिन्याला आपण सीटवरून थोडं जास्त उठायला शिकतो. नवा शॉकअप हातात घेतला तर तो आधी दबेनाच, आणि सोडल्यावर दांडी आपोआप, एका संथ लयीत वर आली. कितीतरी वेळ मी तो दाबत-सोडत बसले होते. मिस्त्री चहाला गेले आणि परत आले तरी.

बसवताना त्यांनी एक गोष्ट केली ती बघून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. बोल्ट हाताने लावले, पण आवळले नाहीत. गाडी जॅकवरून खाली घेतली, स्वतः हौद्यात चढून दोन-तीनदा उड्या मारल्या, गाडी आपल्या उंचीला बसू दिली आणि मग खाली शिरून पाना लावला. चाकं लटकत असताना आवळलं तर बुशचं रबर त्या जागी चिकटून बसतं, आणि गाडी जमिनीवर आली की कायमचं पीळ खाल्लेलं राहतं. चालताना विनाकारण कडक आणि लवकर फाटणारं. हे घाईत विसरणारे पुष्कळ असतात. पुढचे शॉकअप स्प्रिंगच्या पोटात असतात, ती स्प्रिंग दाबून धरायचं काम अंगावर येण्यासारखं असतं, म्हणून त्या बाजूला मी फिरकलेच नाही. मिस्त्रींनीही उभं राहू दिलं नसतं.

मग मी निघाले. रिकामीच, मुद्दाम.

पहिल्या गतिरोधकावर निराशा झाली. लाथ बसली. जरा बोथट, पण बसलीच. पाटे तेच होते, ते का ऐकतील? मला थोडा रागही आला, एवढं सगळं करून हेच का. मग जाणवलं की लाथ बसली आणि प्रकरण तिथेच संपलं. एरवी त्यानंतर गाडीचं जे डोलणं चालायचं, आरशातला रस्ता जो वर-खाली व्हायचा, साखळीचं जे दुसरं आणि तिसरं आपटणं असायचं, त्यातलं काहीच नव्हतं. पुढच्या खड्ड्यातही तेच. खड्डा होता तेवढाच होता, फक्त त्याचं शेपूट गेलं होतं. आणि त्यातून एक वेगळाच फरक पडला. पूर्वी पहिल्या खड्ड्याचं डोलणं निवायच्या आत दुसरा यायचा, दोन्ही एकमेकांत मिसळायचे आणि गाडीचा नेमका कुठला भाग कुठे चाललाय हे अंगाला कळेनासं व्हायचं. आता प्रत्येक खड्डा सुटा लागत होता. वळणावर खड्डा आला तरी मागची चाकं बाजूला सरकत नव्हती; चाक जमिनीवर टेकलेलं राहिलं तर ते रस्ता धरतं, हवेत असलं तर कशाला धरणार? ताईने फोनवर विचारलं, "झाली का मऊ?" मी म्हटलं, "मऊ नाही. उगीचची बडबड थांबली." ती म्हणाली, तिला मऊ हवी होती. तिचं म्हणणं चुकीचं नाही.

मऊपणाचा थोडा भाग मिळाला तो भलत्याच ठिकाणी, आणि फुकट. टायर हीसुद्धा स्प्रिंगच आहे, रस्त्याला सर्वांत जवळची. माल नेताना लागते तेवढी हवा मी बारमाही भरून ठेवत होते, कारण पुन्हा पुन्हा कमी-जास्त करायचा कंटाळा. माझ्या गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरचे आकडे वेगवेगळे दिलेले आहेत. ते छापणाऱ्याने गंमत म्हणून छापलेले नसतात. रिकाम्या गाडीला रिकाम्या गाडीचा आकडा दिला आणि बारीक खडीवरची ती टरटर, जी शॉकअपपर्यंत पोचतच नव्हती, ती बरीच निवली. कंटाळा मात्र आहे तसाच आहे. फळ्या चढवायच्या आदल्या संध्याकाळी पंप काढायला अजूनही जिवावर येतं.

आणखी एक गोष्ट झाली आणि तिच्याबद्दल मला नक्की काय वाटतं ते अजून ठरत नाही. मी वेगाने जायला लागले. ठरवून नाही. ज्या कच्च्या रस्त्यावर आधी गाडी आपोआप दुसऱ्या गिअरमध्ये यायची, तिथे एके दिवशी बघते तर तिसरा. अंगाला लागत नाही म्हटल्यावर पाय दाबला जातो, आणि मग अंगाला पूर्वी लागायचं तेवढंच लागेपर्यंत तो दाबलेलाच राहतो. म्हणजे सुधारणेचा काही भाग मी वेगावर खर्च करून टाकला. शॉकअपांना त्याची किंमत मोजावी लागते. आडव्या लाटा पडलेल्या रस्त्यावरून आल्यावर मी नळीला हात लावून पाहिला आणि लगेच मागे घेतला. तेल तापलं की पातळ होतं आणि पकड सुटत जाते. त्या लाटांचं शास्त्रही विचित्र आहे. मला वाटायचं की त्या गाड्यांच्या स्प्रिंगांच्या उसळण्यामुळे पडतात. पण २००७ मध्ये टॅबरलेट, मॉरिस आणि मॅकएल्वेन या तिघांनी वाळूच्या फिरत्या गोल मार्गावर एक चाक चालवून बघितलं, तेव्हा स्प्रिंग नसतानाही लाटा उमटल्या. एका ठरावीक वेगाखाली रस्ता सपाट राहिला, त्याच्या वर गेलं की लाटा आल्याच. म्हणजे मी नव्या शॉकअपच्या भरवशावर ज्या रस्त्यावरून जोरात जाते, तो रस्ता खराब करण्यात माझा हातभार लागतोच. वेग कमी करावा हे कळतं. तिसरा गिअर मात्र अजून पडतोच.

ओळखीच्या एका गाडीवाल्याने सांगितलं, गठ्ठ्यातला एक पाटा काढून टाक, मऊ होईल. होईलच. पाटा काढला की कडकपणा उतरतो, आणि त्याबरोबर गाडीला किती वजन सोसेल हेही उतरतं. नोंदणीच्या कागदावरचा आकडा मात्र तोच राहतो. मग एखाद्या दिवशी त्या आकड्याच्या भरवशावर मी ओल्या सागवानाने हौदा भरणार, ॲक्सल वर चासीवर जाऊन आपटणार, आणि तेव्हा तो पाटा माझ्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात कशालातरी टेकू म्हणून उभा असणार. तर नाही. काही पिकअप आता मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगवर येतात, २००९ ची डॉज रॅम १५०० तशी आली होती, आणि कॉइलमध्ये पाट्यांचं ते हट्टी घर्षण नसल्यामुळे त्या बारीक खडीवर गोड चालतात असं म्हणतात. पण ती गाडी वेगळी. माझ्या गाडीला मी कॉइल लावणार नाही.

सध्या माझा डोळा सीटवर आहे. एवढे दिवस मी रस्ता, टायर, पाटे, शॉकअप अशी खालून वर येत होते आणि मणक्याच्या अगदी आधीची शेवटची स्प्रिंग, म्हणजे सीटचा फोम, मी पाहिलाच नव्हता. बाजूच्या सीटचं कव्हर काढलं तर आत मधला भाग दबून पातळ झालेला, बोटाने चाचपलं तर खालची पट्टी हाताला लागते. लांबच्या पल्ल्याचे मोठे ट्रक याचं उत्तर केव्हाच देऊन बसलेत: चाकांखालचे पाटे मालासाठी ठेवायचे आणि चालकाच्या सीटखाली वेगळी हवेची स्प्रिंग, वेगळा लहानसा शॉकअप. गाडीची लय माल ठरवील, माणसाची लय सीट. तशी सीट माझ्या गाडीत बसते का हे मी फूटपट्टी घेऊन बघत होते. रुंदी जमते, बोल्टांची भोकं थोडी सरकवावी लागतील, पण खालचा सांगाडा उंच आहे आणि केबिनचं छत काही उंच नाही. सगळ्यांत खालच्या खाचेत ठेवलं तरी उंच माणसाचं डोकं छताला चार बोटांवर येतं, आणि सीट उसळायला चार बोटं पुरत नाहीत. बसका सांगाडा कोणी करून देतो का, ते शोधतेय. तोवर फोम नवा घातलाय, जाड आणि दोन थरांचा. खालचा कडक, वरचा मऊ.